पेंढ्याच्या गाडीतून गेलेला पालाश

पत्र : सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला शेतकरी. ४००० चौरस मीटर भातशेती आहे आणि घराला लागून कुळागर. त्यात २०० पोफळी, २० माड, मधे केळी आणि मिरवेली. गोठ्यात चार गायी, त्यातल्या दोन-तीन दुभत्या असतात. शेताला दर पावसाळ्यात १५:१५:१५ ची दोन पोती आणि युरियाचे एक पोते घालतो. कुळागरालाही १५:१५:१५ ची दोन पोती जातात. पूर्वी शेतात २० क्विंटल भात व्हायचे, आता १६ वर आले आहे. गेल्या वर्षी युरियाचे आणखी एक पोते घातले, तर भात हिरवेगार झाले, पण करपा आला आणि नंतर सगळे लोळले. माती तपासली. सामू (pH) ५.२, सेंद्रिय कर्ब १.४ टक्के म्हणजे ‘जास्त’, पालाश ‘कमी’. कर्ब जास्त म्हणजे जमीन सकस ना? मग पीक का घटते? दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घ्या म्हणतो. मुलगा म्हणतो सगळी खते बंद करून जीवामृत द्या. पोती किती घालू ते एकदा सांगा. जाता जाता, गोठ्याला आता सिमेंटची जमीन केली आहे, दोन वेळा धुतो, त्यामुळे त्रास कमी झाला. पशुखाद्याची महिन्याला सहा पोती लागतात, वर्षाला साधारण ४५०० लिटर दूध संस्थेला जाते. पेंढा आठ वर्षे विकतोच आहे, ठेवायला जागा नाही. एप्रिल-मेमध्ये थोडे सुके वैरण विकत आणावे लागते.
— एक शेतकरी

उत्तर :

नमस्कार. ‘जाता जाता’ म्हणून तुम्ही जे शेवटी लिहिले, पत्रातले महत्त्वाचे तेच. पोत्यांचा आकडा सांगतो, पण आधी वही उघडून बसू. एका पानावर शेताच्या मेरेतून आत काय आले, दुसऱ्यावर बाहेर काय गेले. आकडे ढोबळ आहेत, किलो-दोन किलोवरून भांडू नका.

शेतात आत आले ते सोपे आहे. १५:१५:१५ च्या ५० किलोच्या पोत्यात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) प्रत्येकी साडेसात किलो. दोन पोत्यांचे १५-१५-१५. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २१ किलो. एकूण नत्र ३६, स्फुरद १५, पालाश १५.

आता बाहेर गेले ते. १६ क्विंटल भाताबरोबर १८ किलोच्या आसपास नत्र, सात-आठ किलो स्फुरद आणि जेमतेम पाच-सहा किलो पालाश जातो. भात घरी खाल्ले काय किंवा विकले काय, शेतातून ते गेलेच. पण १६ क्विंटल भाताबरोबर साधारण तेवढाच पेंढाही होतो. त्या पेंढ्यात नत्र दहा किलो, स्फुरद तीन, आणि पालाश २७ किलो! भाताचे रोप जेवढा पालाश उचलते त्यातला बहुतेक काडीत राहतो, दाण्यात फार थोडा जातो. तुम्ही आठ वर्षे दर वर्षी गाडी भरून देता तो म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या (पोत्यात ३० किलो पालाश) जवळजवळ एका पोत्याचा ऐवज, आणि गाडीवाला पैसे देतो ते गवताचे.

बेरीज करा. नत्र ३६ आले, २८ गेले. स्फुरद १५ आला, दहा-अकरा गेला. पालाश १५ आला आणि ३३ गेला. दर वर्षी १८ किलो उणे, आठ वर्षांचे १४४ किलो, म्हणजे जवळजवळ पाच पोती तुम्ही जमिनीकडून उसने घेतलेत. काळ्या रानातली चिकणमाती असे उसने बरीच वर्षे देत राहते. आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीची मूठ पालाशाच्या बाबतीत सैल. जे असेल ते पावसाबरोबर खाली सोडून देते. तुमच्या अहवालात ‘कमी’ लिहून आले ते त्यामुळेच.

मग युरियाचे दुसरे पोते घातले तेव्हा काय झाले ते तुम्हीच लिहिले आहे. नत्राने पान वाढते, काडी लुसलुशीत होते. काडीला ताठपणा द्यायला आणि रोगाला तोंड द्यायला पालाश लागतो, तो नव्हता. करपा आला तो त्या लुसलुशीत पानावर, आणि कणीस भरू लागल्यावर वजन न पेलून काडी आडवी झाली. यात सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी काही करू शकली नसती. अहवालात जस्त किंवा बोरॉन कमी असे आले असेल तरच ती घ्या, दुकानदार म्हणतो म्हणून नको.

नत्र आठ किलो जादा दिसते म्हणून ते शिलकीत आहे असेही समजू नका. पाणी भरलेल्या भातखाचरात घातलेल्या युरियातले साधारण ३० ते ४० टक्के नत्रच पिकाच्या अंगी लागते. बाकीचे काही अमोनिया होऊन हवेत उडते, काही शेत सुकून पुन्हा भरले की वायू होऊन जाते, काही बांधावरून वाहते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तुमच्या बाजूला सत्तरीकडे सरकू तसा आणखी जास्त. तुमच्या ४००० चौरस मीटरवर हे पाणी मोजले तर १ कोटी २० लाख लिटर होते. एवढ्या पाण्यात कुठले नत्र टिकून राहील? पिकाला कमी पडते ते जमिनीतला सेंद्रिय साठा कुजून भागवतो. कर्ब १.४ टक्के आहे याचा अर्थ तो साठा अजून आहे. चांगलीच गोष्ट, पण कर्ब म्हणजे पालाश नव्हे. पाऊस, निळे-हिरवे शेवाळ, पाटाचे पाणी यांतून काही किलो आत येतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

इथवर शेत झाले. आता गोठा, कारण खरा घोळ तिथे आहे.

तुम्ही महिन्याला सहा पोती पशुखाद्य घेता. पन्नास किलोचे पोते धरले तर वर्षाचे ३६०० किलो. पोत्यावर प्रथिने २० टक्के छापलेली असतात. प्रथिनाला सव्वासहाने भागले की नत्र मिळते, म्हणजे ३.२ टक्के. वर्षाला ११५ किलो नत्र तुमच्या दारात टेंपोतून उतरते, साडेपाच युरियाच्या पोत्यांएवढे, आणि आजवर ते तुम्ही खत म्हणून मोजलेले नाही. ४५०० लिटर दुधाबरोबर त्यातले फक्त २३-२४ किलो संस्थेत जाते. वासरांच्या अंगी थोडे लागते. उरलेले ९० किलोच्या आसपास गाय मागच्या बाजूने परत देते. स्फुरदाचेही तसेच. खाद्यात तो अर्धा टक्का धरला तर खताच्या भाषेत, म्हणजे ऑक्साइडच्या रूपात मोजून, चाळीस किलो आत आणि दुधातून दहा बाहेर. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात आठ किलो असतो, त्या हिशेबाने तीन-चार पोती गोठ्यात राहतात.

राहतात म्हणायचे, पण तुमच्याकडे राहत नाहीत. गाय जे नत्र टाकते त्यातले निम्म्याहून अधिक आणि पालाशातला तर बहुतेक मुतात असतो, शेणात नव्हे. शेण तुम्ही उचलून गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाकता. मूत पाइपाच्या पाण्याबरोबर व्हाळात (ओढ्यात) जाते. ‘त्रास कमी झाला’ असे लिहिलेत, तो व्हाळाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना विचारून पाहा.

तुम्हाला बोल लावायचा अधिकार मला नाही, मीही तेच केले होते. आमच्या घरी आई गोठ्यात रोज पातेरा पसरायची. काजूची, फणसाची, आंब्याची सुकी पाने, पोफळीची कुसकरलेली झावळे. सकाळी भिजलेला थर ओढून गायरीत. मी शेतकीचे शिक्षण घेऊन आलो आणि हे मागासलेले वाटले. सिमेंट केले, उतार काढला, नळी लावली. गोठा आरशासारखा झाला. सहा वर्षांनी आईच एकदा म्हणाली, ‘तुझी गायरी आता काळी होत नाही रे.’ तेव्हा पहिल्यांदा वही उघडली.

सिमेंट फोडायला सांगत नाही, गायींच्या खुरांना आणि तुमच्या पाठीला ते बरे आहे. पण उतार जिथे संपतो तिथे नळी व्हाळाकडे न सोडता टाकीत सोडा. चार गायींचे दिवसाचे मूत चाळीस-पन्नास लिटर धरा. आधी शेण खराट्याने ओढून घ्या, मूत टाकीत उतरू द्या आणि मग धुवा, म्हणजे टाकी पाण्यानेच भरणार नाही. धुतलेले पाणी वेगळ्या पाटाने थेट केळीच्या बुंध्याकडे फिरवता येते. टाकीतले मूत पाचपट-दहापट पाणी घालून नोव्हेंबर ते मे कुळागराच्या पाटातून द्या, खोडाला चिकटून नको. पावसाळ्यात टाकी उपसून उपयोग नाही, तेव्हा पातेराच कामाचा. जून-जुलैत घालायचा पातेरा मेमध्येच गोळा करून छपराखाली ठेवावा लागतो. भिजलेला पातेरा मूत काय शोषणार?

गायरीवर छप्पर हवे. झावळांचे चालेल, प्लास्टिकचे चालेल, भोवती वीतभर उंचीचा बांध हवा. मिरगाच्या पहिल्या सरींत उघड्या गायरीतून चहासारखे तांबूस पाणी वाहते ना, त्या पाण्यात पालाश असतो. खाली राहतो तो चोथा. आणि चुलीची राख गायरीत टाकू नका. राखेत पालाश आणि चुना दोन्ही असतात, पण ओल्या शेणामुतात पडली की अमोनिया उडतो, नाकालाच कळते. राख वेगळ्या डब्यात ठेवून माडांना घाला.

आणखी एक सवय सगळ्या कुळागरांत दिसते. खत जाते ते गोठ्याजवळच्या पहिल्या पंधरा-वीस झाडांना, कारण पाटी डोक्यावर असते आणि ऊन असते. ती झाडे माजतात, टोकाची उपाशी राहतात, आणि शेताला तर दहा वर्षांत पाटी लागलेली नसते. तुमचे शेत घरापासून किती लांब ते लिहिलेले नाही, पण वर्षाला दोन टन शेणखत तिथे पोचवायचेच असे ठरवा. टेंपोच्या एका-दोन फेऱ्या. चांगल्या ओलसर शेणखतात टनाला नत्र पाच किलो, स्फुरद दोन, पालाश पाच असतो. एप्रिलमध्ये शेतात छोटे छोटे ढीग करून महिनाभर उन्हात ठेवायची पद्धत आहे, ती सोडा. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी नांगरटीने मातीआड करा.

कुळागराचा हिशेब लवकर होतो. शिफारस पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, १४० पालाश, आणि माडाला ५००, ३२०, १२०० ग्रॅम. तुमच्या झाडांना मिळून नत्र ३० किलो, स्फुरद १४-१५ आणि पालाश ५२. गोठ्यातल्या ९० किलो नत्रातले निम्मे वाया गेले असे धरले तरी ४५ हातात राहते. त्यातले दहा शेताला गेले, ३५ कुळागराला. म्हणजे कुळागराला विकतचे नत्र आणि स्फुरद लागत नाही. १५:१५:१५ ची ती दोन पोती बंद करा. त्याऐवजी म्युरेट ऑफ पोटॅशचे एकच पोते घ्या, त्यात पालाश ३० किलो. बाकीचा मुतातून येईल. तिसरा हिस्सा पावसाच्या सुरुवातीला, दोन हिस्से पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. जुलैत घातलेला पालाश म्हणजे मांडवी नदीला दान. केळीचा घड कापल्यावर खांब बाहेर फेकू नका, तुकडे करून तिथेच पोफळीच्या आळ्यात टाका, खांबात पालाश भरलेला असतो. सोडणांचेही (नारळाच्या सालांचेही) तेच, माडाच्या आळ्यात पोकळ बाजू वर ठेवून पुरा.

सामू ५.२ हे कुळागराचे दुखणे, शेताचे त्या मानाने कमी. भातशेतात पाणी साठले की काही आठवड्यांत आंबटपणा आपोआप उतरतो. बागायतीत तसे होत नाही. पालाशाला सैल असलेली आपल्या मातीची मूठ स्फुरदाच्या बाबतीत मात्र भलतीच घट्ट. आंबट मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात आणि मुळांना देत नाहीत. म्हणून माडाच्या आळ्यात वर्षाला किलोभर चुना किंवा डोलोमाइट घाला. माडाची जुनी झावळे टोकाकडून पिवळी पडत असतील तर डोलोमाइटच, कारण त्यात मॅग्नेशियमही असते. वळवाची पहिली सर पडून गेली की घाला आणि खताशी दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा. चुना आणि युरिया किंवा ताजे शेण एका दिवशी कधीच नको.

शेताच्या बाबतीत एक गोष्ट बघून ठेवा. खाचरातल्या पाण्यावर तांबूस तेलकट तवंग येतो का, आणि पानांवर तांबडे-तपकिरी ठिपके दिसतात का? डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याचे पाणी झिरपणाऱ्या शेतात असे होते. लोह जास्त झाल्याची ती खूण, आणि पालाश कमी असला की त्याचा मार आणखी बसतो. तसे दिसले तर मधे एकदा पाणी काढून शेत दोन-चार दिवस श्वास घेऊ द्या.

आता तुमचे चिरंजीव. युरियाबद्दल ते बोलतात त्यात तथ्य आहे, गेल्या वर्षीचे लोळलेले भात त्यांच्याच बाजूने साक्ष देते. पण जीवामृताचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. एकराला २०० लिटर, त्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. सगळ्याचे नत्र जोडले तर पाव किलोच्या आसपास भरते. शेतातून २८ किलो जाते. जीवामृत मातीतले जिवाणू जागे करते असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. जिवाणू जागे होऊन साठ्यातलेच काढून देणार, आणि पालाशाचा साठा तर तुमच्या गाडीतून गेलेला आहे. त्यांना खरोखर खते कमी करायची असतील तर करू द्या, फक्त सुरुवात गोठ्याच्या नळीपासून आणि पेंढ्यापासून करायला सांगा. भातानंतर ओलीवर अळसांदे (चवळी) किंवा कुळीथ पेरायचे कामही त्यांच्यावरच सोपवा. ही पिके हवेतले नत्र आणतात, मात्र शेंगांबरोबर त्यातले बरेचसे बाजारात जाते. वेल उपटून गोठ्यात न नेता शेतातच गाडले तर काही हाती लागते.

(तिसवाडीच्या खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांतून, कोरगूट हे खारे पाणी सोसणारे भात लावणारे वाचक हे वाचून हसत असतील. त्यांच्याकडे खाडीचे पाणी गाळ आणून सोडते, मानस (खाडीचे पाणी अडवायचे दार) उघडी-बंद करण्यातच अर्धे खत व्यवस्थापन आले. हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू नाही.)

शेताला यंदा काय घालायचे ते लिहून घ्या. शेणखत दोन टन. १५:१५:१५ ची दोन पोती आहेत तशीच. युरिया अर्धे पोते, फुटवे फुटताना आणि पोटरीच्या वेळी (कणीस बाहेर पडण्याआधी) विभागून. म्युरेट ऑफ पोटॅश ३० किलो, निम्मे लावणीला आणि निम्मे पोटरीच्या आधी. एकदम घातले तर पुन्हा त्याच सैल मुठीतून निसटेल. युरिया टाकताना शेतातले पाणी उतरवून चिखलावर पातळ थर राहील एवढेच ठेवा, टाकल्यावर एक-दोन दिवसांनी पाणी भरा. वेधशाळेने नारंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर पोते चार दिवस बांधूनच ठेवलेले बरे. स्फुरद पिकाच्या गरजेपेक्षा थोडा जास्तच पडतो आहे, पण आंबट मातीत त्याचा काही भाग अडकून राहतो, म्हणून यंदा त्याला हात लावत नाही.

दोन वर्षांनी माती पुन्हा तपासा, शेताची वेगळी आणि कुळागराची वेगळी. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घेऊन कडेची माती काढायची, एकत्र करून अर्धा किलो ठेवायची. गायरीजवळची, बांधाकडेची आणि नुकते खत पडलेल्या जागेची माती घेऊ नका, अहवाल फसवा येतो. नमुना कुठे द्यायचा ते तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात सांगतील. अहवाल वाचायला अडचण आली तर एला, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसा.

राहिला पेंढा. ठेवायला जागा नाही म्हणता आणि मेमध्ये वैरण विकत घेता! गोठ्याच्या माळ्यावर किंवा खळ्यात चार खांब ठोकून निम्मा तरी ठेवा. गायींनी खाल्ला तर त्यातला पालाश गोठ्यात येईल आणि शेणखताच्या फेरीबरोबर शेतात परत जाईल. कापणी यंत्राने करत असाल तर चालकाला वीतभर वर कापायला सांगा. तो बुडखा शेतातच राहू द्या. तो जाळायचा मात्र नाही, जाळला की त्यातले जवळजवळ सगळे नत्र धुरातून जाते. आणि एवढे करून उरलेला पेंढा विकायचाच झाला तर गाडीवाल्याशी भाव ठरवताना दुकानातला पोटॅशचा भाव आधी विचारून जा. टनाला अर्ध्या पोत्याहून थोडा जास्तच पालाश त्याच्या गाडीत चढतो. गेल्या आठ वर्षांत तो तुम्हाला एवढे देत होता का, ते कळवा.